१९११ चा रुपया: चांदी खरी, नाणं खोटं. विक्रेत्याकडून पैसे परत कसे काढायचे?

कोथरूडचा_हौशी

मंडळी, इथे नाण्यांच्या नादी लागलेले बरेच जण आहेत, शिवाय एकदोन वकीलही आहेत, म्हणून धागा काढतोय.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका नाणी-नोटांच्या प्रदर्शनात माझ्या सासऱ्यांनी पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया घेतला. साडेआठ हजार मोजले. ते सालवार रुपये जमवतात आणि पंचम जॉर्जच्या रांगेत हे एकच घर रिकामं होतं. विक्रेता ओळखीचा नाही, पण दरवर्षी टेबल मांडतो.

घरी आल्यावर वजन केलं: ११.६२ ग्रॅम. चुंबकाला चिकटत नाही. वाजवला तर छान खणखणीत. लक्ष्मी रोडवरच्या ओळखीच्या सराफाने मशीनवर टंच (म्हणजे चांदी किती टक्के ते) काढून दिला, तोही ९१ च्या वर. सगळं बरोबर. पण राजाच्या झग्यावरचा हत्ती पाहिला आणि मी चमकलो. सोंड लांब, खाली आलेली, व्यवस्थित हत्तीसारखा हत्ती. १९११ च्या रुपयावर असा हत्ती असायला नको, एवढं मलाही ठाऊक आहे.

विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, "चांदी खरी आहे ना काका? मग खोटं कसं? वाटल्यास तेवढ्याच किमतीचं दुसरं काहीतरी घेऊन जा. पैसे परत होत नाहीत, पावतीवर छापलंय." पावतीवर खरंच छापलंय. आणि मालाचं वर्णन काय, तर "जुने चांदीचे नाणे, १ नग". बास. साल नाही, राजा नाही.

सासरे म्हणतात जाऊ दे, दुसरं नाणं घेऊ. मला ते पटत नाहीये. तुम्ही काय केलं असतंत?

---

खडूस

साडेआठ हजारांत डुक्कर घ्यायला गेले आणि हत्ती मिळाला. तक्रार कसली करताय?

---

मीनल_ना

खडूस, डुक्कर कुठून आलं मध्येच? आम्हा अडाण्यांना कुणीतरी नीट सांगा.

---

भिंगवाला

मीनलताई, सांगतो.

पंचम जॉर्ज १९१० मध्ये गादीवर आला आणि १९११ साली त्याचे नवे रुपये पाडले. त्यावर राजाच्या अंगात जो झगा आहे, त्यावर ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर या किताबाची माळ आहे आणि त्या माळेत हत्ती आहे. ठसा कोरणाऱ्याने हत्ती असा काही काढला की सोंड आखूड, शेपूट आखूड, अंग गुबगुबीत. लोकांना त्यात डुक्कर दिसलं. विशेषतः मुसलमानांमध्ये गवगवा झाला. सरकारने नाणं आवरतं घेतलं. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यातले सात लाखांच्या आसपास बाहेर गेले होते, उरलेले वितळवले. १९१२ पासून सोंड लांब, कान स्पष्ट असा सुधारलेला हत्ती. म्हणून १९११ च्या रुपयाला जगभर पिग रुपी म्हणतात आणि म्हणून त्याला भाव आहे.

आता गंमत बघा. १९१२ ते १९१९ चे रुपये ढिगाने मिळतात, चांदीच्या भावाला किंवा जरा वर. त्यातला एक घ्यायचा, सालाचा शेवटचा आकडा कोरून एक करायचा, की झाला पिग रुपी. धातू सरकारी, वजन सरकारी, आवाज सरकारी. फक्त हत्तीला कुणी हात लावत नाही, कारण तो एवढासा असतो आणि पुन्हा कोरायचा तर काम दिसून येतं.

हौशी, तारखेचा जवळून फोटो टाका. उजेड बाजूने पाडा, वरून नको.

---

कोथरूडचा_हौशी

टाकलाय. मोबाइलवर दहापट भिंग लावून काढलाय, जरा हललाय.

---

भिंगवाला

हलला असला तरी पुरेसा आहे.

१९११ मध्ये एक हा आकडा तीनदा येतो. तिन्ही एकाच हाताचे असायला हवेत. तुमच्या फोटोत सालाचा पहिला आणि तिसरा आकडा बघा: सरळ उभे, खाली पाय सपाट, कडा गोलसर झिजलेल्या. चौथा बघा: किंचित उजवीकडे कललेला, पाय जवळपास नाहीच, आणि कडा धारदार. वर्षानुवर्षं खिशात फिरलेल्या नाण्यावर एकच आकडा न झिजता कसा राहील? शिवाय त्याच्या डावीकडची जमीन, म्हणजे आकड्यालगतचा सपाट भाग, बघा. बाकी सगळीकडे गुळगुळीत, आणि तिथे बारीक समांतर ओरखडे. तिथला धातू खरवडून काढलाय. तिरक्या दांड्यावरून मला तो मूळचा सात वाटतो. वरची आडवी रेघ उडवली आणि दांडा घासून बारीक केला. म्हणजे हा बहुधा १९१७ चा रुपया.

हत्ती पाहून जे कळलं होतं तेच आकडा सांगतोय. माझ्या मते शंकाच नाही.

---

सराफकट्टा

आमची तिसरी पिढी सराफीत आहे म्हणून दोन शब्द.

तुमच्या सराफाने काहीही चुकीचं सांगितलेलं नाही. त्याला टंच विचारला, त्याने टंच सांगितला. नाण्यावर साल कुठलं हे आम्ही बघत नाही, आमच्या लेखी तो एक तोळा वजनाचा ९१.६७ चा तुकडा. दिवाळीच्या आधी राणी छाप, राजा छाप विकायला येतात त्यात खोटे भरपूर असतात. ते पकडायला तीन गोष्टी पुरतात. वजन, कड आणि पाण्यातला काटा.

पाण्याचा काटा घरीही जमतो. शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्यायचा, त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा काठाला टेकू द्यायचं नाही. काटा जे दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयाला १.१३ च्या आसपास येतं. गिलटाचा किंवा जर्मन सिल्व्हरचा असला तर १.३० च्या पुढे जातं. नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकायचे, नाहीतर खरंही खोटं दिसेल.

मशीनबद्दल एक. ते वरवरचा थर वाचतं. जाड मुलामा असला तर मशीन फसू शकतं. पाणी सहसा फसत नाही.

---

ठाण्याचा_ठोकळा

सराफकट्टा, एक शंका. माझ्याकडे १९४४ चा सहाव्या जॉर्जचा रुपया आहे. वजन ११.६ भरतंय पण पाण्यात १.२२ आलं. खोटा?

---

सराफकट्टा

नाही हो, तो तसाच आहे. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्मी केली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५-५ टक्के निकेल आणि जस्त. वजन तेच ठेवलं. त्याच काळात कडेला मधोमध खाचेची नक्षी आली, नकली रुपयांना आळा घालायला. तुमच्या रुपयाची कड बघा, नुसत्या उभ्या रेघा नसतील.

खरी लबाडी वेगळीच चालते. हे निम्म्या चांदीचे रुपये "राजा छाप" म्हणून ९१ च्या भावाने गळ्यात मारतात. आणि १९४७ चा वाघवाला तर शुद्ध निकेलचा, चुंबकाला टुणकन चिकटतो, तरी लोक चांदीचा म्हणून घेतात.

---

नगरी_बाणा

एक सरळ हिशोब सांगतो. राणी छाप रुपयात निव्वळ चांदी साधारण १०.७ ग्रॅम. आजचा ग्रॅमचा भाव गुणिले १०.७. जो माणूस त्याच्या निम्म्यात विकतोय तो धर्मादाय संस्था चालवत नाही. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चादरीवर रुपयांची रास असते, कुठलाही घ्या पाचशे. त्यात जगातली सगळी सालं एकाच हाताने ओतलेली असतात. अक्षरं लोण्यात बुडवल्यासारखी मऊ, पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या, कडेवर साच्याची शिवण. हातात घेतलं तरी कळतं, साबणासारखं निसटतं.

---

खडूस

मी तिथून व्हिक्टोरिया राणीचा १८३५ चा रुपया घेतला होता. राणी गादीवर आली १८३७ ला. विक्रेत्याला सांगितलं तर म्हणाला, ॲडव्हान्स बुकिंग असेल.

---

मीनल_ना

😂😂 खडूस!

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला सासूबाईंच्या सासूबाईंनी दिलेले अकरा रुपये आहेत. दरवर्षी चिंच-मीठ लावून लख्ख घासतो. आता वाचून भीती वाटतेय.

---

भिंगवाला

मीनलताई, पूजेचे आहेत तर घासा खुशाल, देवीला चकचकीत आवडतं. पण संग्राहकाला दाखवू नका, तो तिथेच बसकण मारेल. घासलेल्या नाण्यावरचा मूळ तजेला जातो आणि अर्धी किंमत त्याच्याबरोबर.

सराफकट्टा साहेबांनाही एक विनंती. कसोटीच्या दगडावर नाणं घासून बघू नका. चुलीत जाणाऱ्या दागिन्याला चालतं, दुर्मिळ नाण्याच्या कडेला पडलेला तो एक ओरखडा कायमचा राहतो.

---

सराफकट्टा

कसोटीवर घासलं नाही तर तुम्हीच उद्या म्हणाल सराफाने फसवलं. आणि जुन्या काळी सराफ नाण्यावर सरळ ठसा ठोकत, पारखलंय म्हणून. मुघल आणि मराठेशाहीतल्या रुपयांवर असे ठसे पैशाला पासरी दिसतात. आता तुम्ही तेच हौसेने भिंगातून बघता की नाही?

---

भिंगवाला

बघतो. आणि त्या ठशामुळे भाव कमी पण देतो. 🙂

---

विदर्भी_वारा

अवांतर होतंय पण राहवत नाही. आमच्याकडे एक दूरचे नातेवाईक "ईस्ट इंडिया कंपनी १८१८, राम दरबार" असं नाणं घेऊन फिरतात. म्हणे तांदूळ ओढतं, कोटींत जातं, दिल्लीहून पार्टी येणार आहे. आतापर्यंत "तपासणी फी" म्हणून त्यांनीच पैसे भरलेत.

---

भिंगवाला

विदर्भी, त्यांना तातडीने थांबवा. कंपनीने राम दरबाराची नाणी कधीच पाडली नाहीत. ही नाणी नकलीसुद्धा नाहीत, कारण अस्सल असं काही नव्हतंच. देवळाबाहेर विकायचे टोकन. तांदूळ ओढण्याचा खेळ जुना आहे, राईस पुलरच्या नावाने देशभर लोकांना लुटलंय, पोलिसांत गुन्हे दाखल आहेत. "पार्टी" कधी येत नाही, फी मात्र वाढत जाते.

---

वकीलीणबाई

मूळ प्रश्नाकडे येते. ग्राहक आयोगात कामं करते, त्यामुळे नेमकं सांगते.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे छापलं म्हणजे विक्रेता सुटला असं होत नाही. त्याने १९११ चा रुपया म्हणून विकला आणि दिला दुसराच, तर वर्णनाप्रमाणे माल दिला नाही. मालविक्रीचा १९३० चा कायदा, कलम १५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तर सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलंय. पावतीत मुदत दिली नसेल तर तीस दिवस. पावती न देणं हेही त्यातच येतं.

तुमची अडचण वेगळी आहे. पावतीवर फक्त "जुने चांदीचे नाणे". तो आयोगासमोर म्हणेल, मी जुनं चांदीचं नाणं विकलं आणि तसंच दिलं. म्हणून मला सांगा: १९११ म्हणून विकलं याचा दुसरा पुरावा काय आहे? व्हॉट्सॲप, फोटो, जाहिरात, यूपीआयच्या व्यवहारातला शेरा, साक्षीदार, काहीही.

---

कोथरूडचा_हौशी

ताई, नाणं ज्या पुठ्ठ्याच्या चौकटीत होतं ती तशीच आहे. मधे गोल खिडकी, चारी बाजूंनी पिना मारलेल्या. त्यावर बॉलपेनने लिहिलंय "१९११ पिग, ८५००". फक्त नाणं तपासायला एका बाजूच्या दोन पिना काढल्या, त्या डबीत ठेवल्यात. आणि सासऱ्यांनी टेबलावर नाणं हातात धरून फोटो काढला होता, त्यात ही चौकट आणि मागे विक्रेत्याच्या दुकानाचं नाव असलेला फलक दिसतोय.

---

वकीलीणबाई

मग बरंच काही आहे तुमच्याकडे! त्या चौकटीला आता हात लावू नका. अक्षर विक्रेत्याचं असेल तर तोच पावतीत राहून गेलेला मजकूर आहे असं समजा. फोटोची मूळ फाइल जपा, फॉरवर्ड केलेली नव्हे.

आता क्रम. आधी लेखी कळवा, फोनवर भांडू नका. साधं पत्र, स्पीड पोस्टाने आणि त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर. त्यात: कधी घेतलं, किती दिले, काय म्हणून विकलं, काय निघालं, का निघालं (हत्ती आणि आकडा, फोटो जोडून), आणि पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत हवी. धमकी नको, शिव्या तर नकोच. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्याने नाही झालं तर जिल्हा आयोग. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी तिथे चालते, पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. ऑनलाइन दाखल होते आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, विक्रेता कुठचाही असो. मुदत दोन वर्षं. पावती सासऱ्यांच्या नावाची आहे, तर तक्रारदार सासरे, तुम्ही नाही. आणि हो, नफ्याने विकायला घेतलेल्या मालासाठी माणूस ग्राहक ठरत नाही. ते संग्रहासाठी घेतात, तसंच लिहा.

कुणीतरी पोलिसांत जा म्हणेल. खोट्या नाण्यांची कलमं चलनात असलेल्या नाण्यांसाठी आहेत. इथे फार तर फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं ३१८. पण त्याने जाणूनबुजून फसवलं हे दाखवावं लागेल. साडेआठ हजारांसाठी मी तो रस्ता आधी धरणार नाही.

---

टेबल_नं_१४

मी प्रदर्शनात टेबल लावतो. आमच्याही बाजूचं ऐकून घ्या.

पहिलं, आकडा कोरलेलं नाणं विक्रेत्यालाही फसवतं. मी एकगठ्ठा लॉटमध्ये रुपयाची दोनशे नाणी घेतो, त्यातला १९११ वेगळा काढून चौकटीत घालतो, हत्ती बघायचा राहतो. असं होऊ नये, पण होतं. त्यामुळे थेट चोर म्हणू नका.

दुसरं, ग्राहकही सगळे साव नसतात. अस्सल नाणं नेऊन आठ दिवसांनी त्याच सालाचं खोटं परत आणणारे मी पाहिलेत. म्हणून आमच्यातले बरेच जण पैसे परत करायला कचरतात. मी आता चौकटीवर वजन लिहितो, ग्राहकासमोर दोन्ही बाजूंचा फोटो काढतो आणि पिनांवरून सही करतो. सही शाबूत असेल तर पैसे परत, प्रश्न विचारत नाही. सही तुटली तर विषय संपला.

हौशी साहेब, तुम्ही दोन पिना काढल्यात. तो विक्रेता नेमकं हेच म्हणणार, की नाणं तुम्ही बदललंत.

---

नगरी_बाणा

व्वा! म्हणजे नाणं तपासायचं तर चौकट उघडावी लागणार, आणि चौकट उघडली तर पैसे परत नाहीत. मग ग्राहकाने करायचं काय, पुठ्ठ्यातून वजन करायचं?

---

टेबल_नं_१४

नगरी, तपासणी टेबलावरच करायची. भिंग आणा, काटा आणा, मी स्वतः उघडून देतो. पारखून घ्या आणि मगच पैसे द्या. कुठलाही प्रामाणिक विक्रेता याला नाही म्हणणार नाही. जो म्हणतो त्याच्या पुढच्या टेबलावर जा.

---

वकीलीणबाई

टेबल नं. १४, तुमची पद्धत चांगली आहे, पण "सही तुटली तर विषय संपला" हे आयोगात जसंच्या तसं टिकणार नाही. उघडल्याशिवाय दोष दिसतच नसेल तर उघडणं हा ग्राहकाचा हक्क आहे. बदलल्याचा आरोप केलात तर तो तुम्हाला सिद्ध करावा लागेल. इथे तर खरेदीच्या वेळचा फोटो आहे. हौशी, त्या फोटोत नाण्यावर काही ओळखीची खूण दिसते का? डाग, खरचटा, कडेवरचा टवका?

---

कोथरूडचा_हौशी

दिसते! राजाच्या मुकुटाच्या वर, कडेजवळ काळा डाग आहे, तांदळाच्या कण्याएवढा. प्रदर्शनातल्या फोटोत आहे आणि आत्ता समोरच्या नाण्यावरही तसाच, त्याच जागी. मी हे बघितलंच नव्हतं.

---

टेबल_नं_१४

मग विषय मिटला. हा डाग आणि फोटो दोन्ही त्याला पाठवा. मी त्याच्या जागी असतो तर त्याच दिवशी पैसे परत केले असते. लाइनीत नाव खराब झालं तर टेबल मांडून उपयोग नाही, पुढच्या वेळी कुणी लॉट द्यायला येत नाही.

---

एडिसनकर

इकडे अमेरिकेत मॉर्गन डॉलर या जुन्या चांदीच्या नाण्याची हीच कथा आहे. चीनमधून आलेले ढिगाने, त्यातले काही खऱ्या चांदीचेच, कारण धातू खरा असला की लोक पुढे बघतच नाहीत. म्हणून इथे सीलबंद प्लास्टिकच्या डब्यातली, दर्जा ठरवलेली नाणी घेतात. पण तो डबासुद्धा बनावट येतो. डब्यावरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी जुळवायचा, नुसता नंबर जुळून उपयोग नाही.

एक विचारायचं होतं. पुढच्या वेळी पुण्याला आलो की वडिलांची नाणी इकडे आणावीत म्हणतोय. काही अडचण?

---

वकीलीणबाई

आणू नका. शंभर वर्षांहून जुनी असतील तर ती पुरावस्तू ठरतात आणि १९७२ च्या कायद्याने ती देशाबाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर तुम्हीच अडकाल. वडिलांची नाणी वडिलांकडे बरी.

---

एडिसनकर

बरं झालं विचारलं. १९४४ वाले चालतील मग? ते निम्म्या चांदीचे का असेनात.

---

खडूस

त्याला शंभर भरायला २०४४ उजाडेल. बॅग भरायला घ्या.

---

नाशकातली_नलू

एक सुचवू का? ज्यांना खरं-खोटं शेजारी ठेवून बघायची हौस आहे त्यांनी एकदा अंजनेरीला जावं, त्र्यंबकच्या रस्त्यावर नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघण्यासारखं आहे. मुंबईकरांना फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय. आपण चित्रं मोबाइलवर बघतो, पण खऱ्या नाण्याची जाडी आणि अक्षरांची उंची समोर बघितल्याशिवाय डोळ्यात बसत नाही.

आणि हौशी, दुसरं नाणं बदलून घेऊ नका. ज्याने एक चुकीचं दिलं, तो दुसऱ्याचीही किंमत स्वतःच ठरवणार. साडेआठ हजारांच्या बदल्यात तीन हजारांचं नाणं "साडेआठचं" म्हणून देईल.

---

सराफकट्टा

नलूताईंशी पूर्ण सहमत. बदली म्हणजे दुसऱ्यांदा त्याच्याच भावाने खरेदी. रोख परत किंवा काही नाही.

---

कोथरूडचा_हौशी

मधे थोडे दिवस गेले, पण मंडळींना कळवायला हवं.

वकीलीणबाईंनी सांगितलं तसं पत्र लिहिलं. सासऱ्यांच्या सहीने, एकच पान. हत्तीचे दोन फोटो शेजारी: एक आमच्या नाण्याचा, एक अस्सल १९११ चा. खाली तीन एकांचा फोटो आणि काळ्या डागाचे दोन फोटो. स्पीड पोस्ट केलं आणि व्हॉट्सॲपवरही टाकलं.

दोन निळ्या टिका आल्या आणि शांतता. मग त्याचा फोन, सासऱ्यांनाच. आधी म्हणाला तुम्ही पिना काढल्या. सासऱ्यांनी डागाचा फोटो बघायला सांगितला. मग म्हणाला निम्मे घ्या, नाणं तुमच्याकडेच ठेवा, चांदीचे पैसे तरी वसूल होतील. सासरे तयार झाले होते! मी शेजारी बसून हातवारे करत होतो. शेवटी त्यांनी "जावयाला विचारतो" म्हणून फोन ठेवला.

प्रश्न असा: निम्मे पैसे आणि नाणं, हा सौदा वाईट आहे का? सासरे म्हणतात १९१७ चा रुपया म्हणून राहील की. हिशोब केला तर चांदी धरून नुकसान फार नाही.

---

भिंगवाला

हिशोबाने वाईट नाही, पण त्याला १९१७ म्हणूनही कुणी संग्राहक घेणार नाही. आकडा खरवडलेलं नाणं फक्त वितळवायच्या लायकीचं. आणि तुमच्या घरात राहिलं तर तुमच्यानंतर कुणीतरी ते पिग रुपी म्हणूनच विकेल.

---

टेबल_नं_१४

निम्मे देतो म्हणाला म्हणजे चूक मान्य केली. पूर्ण मागा, देईल.

---

वकीलीणबाई

"निम्मे घ्या" हे फोनवर बोलला की लिहून पाठवलं? लिहून घ्या. मग शांतपणे कळवा की पूर्ण रक्कम खात्यात आल्यावर नाणं चौकटीसकट परत देऊ, पोच घेऊन. पैसे आधी, नाणं नंतर. उलटं करू नका.

---

कोथरूडचा_हौशी

पूर्ण आले. यूपीआयने, दोन हप्त्यांत, मधे एक रविवार. नाणं सासऱ्यांनी स्वतः नेऊन दिलं आणि चौकटीच्या फोटोखाली पोच घेतली. विक्रेत्याने चहा पाजला आणि वर एक १९१६ चा रुपया बाराशेला दाखवला. सासऱ्यांनी खिशातून भिंग काढलं म्हणे. आकडा ठीक होता, पण घेतला नाही, १९१६ त्यांच्याकडे आहे.

सर्वांचे आभार. वकीलीणबाई, तुमचे विशेष.

---

नगरी_बाणा

अभिनंदन! पण तो खरवडलेला रुपया आता कुठे? पुढच्या प्रदर्शनात पुन्हा चौकटीत?

---

टेबल_नं_१४

शक्यता नाकारत नाही. हौशी, त्या तारखेचा फोटो इथेच राहू द्या, काढू नका. मी आमच्या विक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकलाय, नाव न घेता.

---

ठाण्याचा_ठोकळा

धागा वर आलाच आहे तर माझं एक. १८६२ चा राणी छाप मिळालाय. मागच्या बाजूला सालाजवळ बारीक ठिपके आहेत, कुणीतरी टोचल्यासारखे. हेही कोरलेलं असेल का?

---

भिंगवाला

ठोकळा, ठिपके उठावाचे आहेत की खड्ड्यासारखे? उठावाचे असतील तर चिंता नको. १८६२ चं साल १८७३ पर्यंत तसंच गोठवलेलं होतं, आणि मुंबईच्या टांकसाळीने प्रत्यक्ष कुठल्या वर्षी पाडलं हे सांगायला ठिपके टाकले. ठिपक्यांच्या संख्येवर आणि जागेवर वेगवेगळे प्रकार होतात, काही दुर्मिळ आहेत. फोटो टाका, दोन्ही बाजूंचा. आणि घासू नका!